तापाचा जंतू ओळखणारं डीएनएचं तंत्र तालुक्याला पाहिजे का नको?

जिंतूरकर:
मागच्या पावसाळ्यात मामाचा ताप आठ दिवस उतरेना. टायफॉइडची विडाल टेस्ट पॉझिटिव्ह आली म्हणून टायफॉइडचीच सलाईनं चालू. नवव्या दिवशी परभणीला नेलं तर तिथल्या सिस्टरनी शर्ट बदलताना काखेत बिडीचा चटका बसल्यासारखी काळी खपली बघितली अन् डॉक्टरला बोलावलं, बारीक किडा चावून होणारा स्क्रब टायफस ताप निघाला, डॉक्सी (डॉक्सीसायक्लिन गोळी) चालू केल्यावर दोन दिवसात मामा भाकर मागायला लागला. तवापासून ह्याच्यावरच वाचायलोय. 2005 मध्ये अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात डॅन लुओंच्या टीमनं डीएनएचेच वाय आकाराचे तुकडे जोडून फांद्याफांद्यांचं अतिबारीक, नॅनो झाड केलं अन् त्याला लाल-हिरवे चमकणारे रंग लावले. एका जंतूच्या झाडाला हिरवा जास्त, दुसऱ्याच्या झाडाला लाल जास्त. डीएनएच्या चार अक्षरांत ए ला टी, जी ला सी एवढीच जोडी जमते, म्हणून नमुन्यात त्या जंतूचा डीएनए असंल तरच ते झाड टेस्टमधल्या बारीक मण्याला चिकटतं अन् रंगावरून जंतू कोणता ते कळतं. अँथ्रॅक्स, इबोला, सार्सच्या खुणेचे डीएनए तुकडे असे वेगळे ओळखले त्यांनी. आपल्याकडं डेंगू, मलेरिया, टायफॉइड, स्क्रब सगळे एकाच महिन्यात येतात, मग असं काही तालुक्याला का नको?

बांधावरून:
भाऊ, तुमच्या मामाला मशीननी नाही वाचवलं, शर्ट काढून बघणाऱ्या बाईनी वाचवलं. आमच्या इथल्या केंद्रात टेक्निशियनची जागा रिकामी, लाईट दुपारची जाते, एक मशीन आलेलं ते अजून पन्नीतच हाय. आधी माणूस द्या, पेशंटला हात लावून तपासा. नॅनो-बिनो नंतर.

जिंतूरकर:
खपली सगळ्यांना येतच नाही ओ. ज्याला नाही आली त्यानं काय करायचं?

नळीवाली ताई:
मी लॅबमध्येच काम करते म्हणून बोलते. विडाल जंतू शोधतच नाही, जंतूशी लढायला आपल्या रक्तात तयार झालेल्या अँटीबॉडी बघते, जुन्या तापानं पण पॉझिटिव्ह येते, एका विडालवर टायफॉइड म्हणूच नये. लाईटचं म्हणाल तर गोव्यात बनलेलं ट्रुनॅट मशीन बॅटरीवर चालतं, ते पण जंतूचा डीएनएच ओळखतं, टीबीचा निकाल तासाभरात, कल्चरला, म्हणजे लॅबमध्ये जंतू वाढवून बघायला, तेच काही आठवडे लागतात. 2020 मध्ये डब्ल्यूएचओनं पण मान्य केलं. म्हणजे खेड्यात होतच नाही असं नका म्हणू. पण जिंतूरकर, मेलेल्या जंतूचा डीएनए पण सापडतो बरं का. उपचार झालेल्या टीबी पेशंटचा रिपोर्ट त्याच्यामुळं फसवू शकतो. अन् कोणतं औषध लागू पडंल ते सगळं डीएनएवरून कळत नाही, त्याला कल्चर लागतंच.

बांधावरून:
ताई, बॅटरीचं पटलं. पण त्याला चिप लागते ना दर टेस्टला? ती संपल्यावर पेशंटला पुन्हा विडालच करून आण म्हणतेत, हे मी डोळ्यानी बघितलंय, म्हातारी रांगेत दोन तास उभी होती. चिपचं कोण बघणार तेवढं सांगा, मग मी बी तुमच्या बाजूनं.