ई-क्लासची सध्याची पिढी: इंजिन आणि चासीला पैकीच्या पैकी, डॅशबोर्ड नापास

सहासिलिंडर

१९९५, २००२, २००९, २०१६ आणि २०२३. मर्सिडीजची ई-क्लास सात-सात वर्षांनी कात टाकते. डब्ल्यू२१४ ही सध्याची पिढी आता रस्त्यावर चांगली रुळली आहे, त्यामुळे तिच्यावर सविस्तर बोलायला हरकत नाही. माझं मत आधीच सांगून टाकतो. बॉनेटखाली आणि चाकांपाशी जे काम झालंय, ते आजवरच्या ई-क्लासमधलं सर्वोत्तम आहे. डॅशबोर्डवर जे झालंय, ते या गाडीच्या स्वभावालाच धरून नाही.

आधी इंजिनाबद्दल. या पिढीत प्रत्येक इंजिनाला विजेची जोड आहे, एकतर ४८ व्होल्टची माइल्ड हायब्रिड किंवा वायर लावून चार्ज करायची प्लग-इन. माइल्ड हायब्रिड म्हटलं की लोक नाक मुरडतात, कारण निव्वळ विजेवर गाडी पळवायचं काम ती करत नाही. पण इथली मोटर पट्ट्याने लटकवलेली नाही, ती गिअरबॉक्सच्या तोंडाशीच बसवली आहे. तिची ताकद १७ किलोवॅट, पण टॉर्क तब्बल २०५ न्यूटन मीटर. टर्बोला वारा भरायला जो क्षण लागतो, नेमका तोच क्षण ही मोटर भरून काढते. सिग्नलला बंद पडलेलं इंजिन पुन्हा चालू होताना पूर्वी सीटखाली एक हिसका जाणवायचा. आता टॅकोमीटरचा काटा हलला म्हणून कळतं. ई ४५० मधलं तीन लिटरचं सरळ ओळीतलं सहा सिलिंडर इंजिन ३८१ अश्वशक्ती आणि ५०० न्यूटन मीटर देतं आणि कुठेही दम लागल्यासारखं वाटत नाही.

चासीचं तर काय सांगावं! व्हीलबेस, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर, २२ मिलिमीटरने वाढून २,९६१ झाला, तरी मागची चाकं वळवणारी यंत्रणा घेतली तर गाडी आधीपेक्षा आखूड वाटते. मागची चाकं ४.५ अंशांपर्यंत वळतात आणि वळण्याचा व्यास ९० सेंटीमीटरपर्यंत कमी होतो. पार्किंगच्या अरुंद वळणात रिव्हर्स न घेता गाडी एका दमात निघते.

आणि मग दार उघडून आत बसलं की समोर सुपरस्क्रीन. मधला पडदा १४.४ इंचांचा, शेजारच्या प्रवाशासाठी आणखी एक १२.३ इंचांचा, डॅशवर सेल्फी आणि व्हिडिओ कॉलसाठी कॅमेरा, गाण्याच्या तालावर हलणारे दिवे. अनावरणाच्या वेळी कंपनीने टिकटॉक आणि अँग्री बर्ड्स कौतुकाने सांगितले होते. ज्या गाडीची ख्याती पाचशे किलोमीटर चालवून ताजंतवानं उतरण्याची, तिच्यात हे सगळं कशाला? एसीसाठी पडदा, आणि स्टीअरिंगवर २०२० च्या फेसलिफ्टपासून आलेल्या स्पर्शपट्ट्या, ज्यांच्यावर आवाज वाढवायला बोट घासावं लागतं.

हे नुसतं आवडीनिवडीचं प्रकरण नाही. 'वि बिलेगारे' या स्वीडिश मासिकाने २०२२ मध्ये अकरा नव्या गाड्या आणि २००५ ची एक व्होल्वो व्ही७० घेतली, आणि ताशी ११० किलोमीटर वेगात चालकांना तीच ती चार कामं करायला लावली. जुन्या बटणवाल्या व्होल्वोत ती १० सेकंदांत, म्हणजे ३०६ मीटरमध्ये झाली. सर्वांत वाईट गाडीत ४४.९ सेकंद लागले. तोवर गाडी १,३७२ मीटर पुढे गेली होती.

मागचीसीट

साफ असहमत. बिझनेस सेडान म्हणजे जिच्यात बसून काम करता येतं ती. ज्या काळी फोन फक्त टेबलावर असायचा त्या काळात लाकडी डॅश आणि चार गोल बटणं पुरेशी होती. आज ही गाडी घेणाऱ्याचा अर्धा दिवस कॉलवर जातो. दोन भेटींच्या मधे गाडी कडेला लावून मीटिंग उरकता येते, ही काही खेळण्याची गोष्ट नव्हे. आणि व्हिडिओ कॉलचा कॅमेरा गाडी उभी असतानाच चालतो, हे तुम्ही लिहिलं नाहीत.

प्रवाशाच्या पडद्याबद्दलही तेच. चालकाची नजर तिकडे वळतेय का, हे कॅमेरा बघतो आणि वळली तर तो पडदा मंद करतो. तोच सुरक्षेचा विचार आहे. शिवाय सुपरस्क्रीन हा पर्याय आहे, सक्ती नाही. नको असेल त्याने घेऊ नये, ज्याला हवा त्याच्या नावाने बोटं मोडू नयेत.

वाराकापी

तुम्ही दोघं आतच अडकलात, मी बाहेरचं बोलतो. ड्रॅग कोइफिशंट, म्हणजे गाडीचा आकार वाऱ्याला किती अडतो तो आकडा, ०.२३ म्हणून नव्या गाडीची पाठ थोपटली जाते. २०१६ च्या डब्ल्यू२१३ या आधीच्या पिढीचाही चांगल्यात चांगला आकडा ०.२३ च होता! दाराच्या पृष्ठभागात लपणाऱ्या मुठी आल्या, एवढं झालं, आणि आकडा जागच्या जागी.

दुसरं, तो ग्रिल आणि हेडलाइट यांना जोडणारा चकचकीत काळा पट्टा. तो सरळ विजेवरच्या ईक्यू गाड्यांवरून उचललाय. लांब बॉनेट, मागे सरकलेली केबिन असं पेट्रोल गाडीचं अस्सल प्रमाण जपायचं आणि चेहरा मात्र दुसऱ्या घराण्याचा लावायचा, हे काही जुळत नाही. टेललाइटमधल्या चांदण्यांबद्दल तर मी बोलतच नाही. बूटच्या मधोमध एक चांदणी असताना दोन्ही बाजूंना आणखी कशासाठी?

सहासिलिंडर

चांदण्यांबाबत शंभर टक्के सहमत. ०.२३ बद्दल मात्र थोडं थांबा. गाडी वाढली, ग्रिल मोठं झालं, चाकं मोठी झाली, आणि तरीही आकडा वाढला नाही, हे श्रेय द्यायलाच हवं. वाऱ्याचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो. ताशी ८० वरून १२० वर गेलात की तो सव्वादोन पट होतो. हायवेच्या गाडीत एवढं राखणं सोपं नाही.

वाराकापी

विरोध फक्त त्या आकड्यावर ठरत नाही, त्याला समोरच्या क्षेत्रफळाने गुणावं लागतं. गाडी मोठी झाली आणि आकडा तोच राहिला, याचा अर्थ वाऱ्याशी झुंज वाढली. तुमच्याच मुद्द्याने तुम्ही माझं म्हणणं सिद्ध केलंत.

डिझेलभक्त

मूळ लेखात ई २२० डी या डिझेल गाडीचा उल्लेखसुद्धा नाही, हे मनाला लागलं. २०१६ मध्ये ई-क्लासमधूनच पुढे आलेलं ओएम६५४ हे इंजिन माझ्या मते या गाडीचा आत्मा आहे. ब्लॉक ॲल्युमिनियमचा, पिस्टन स्टीलचे. ऐकायला उलटं वाटतं, कारण पिस्टन हलका हवा. पण तापल्यावर ॲल्युमिनियम स्टीलपेक्षा जास्त प्रसरण पावतं, त्यामुळे इंजिन गरम झालं की सिलिंडर आणि पिस्टनमधली फट किंचित रुंदावते आणि घर्षण घटतं. सिलिंडरच्या आतून लोहमिश्रणाचा अतिशय पातळ थर फवारलेला असतो, तो आरशासारखा गुळगुळीत. आता त्यालाही ती ४८ व्होल्टची मोटर मिळाली: १९७ अश्वशक्ती आणि ४४० न्यूटन मीटर.

सहा सिलिंडरचं गुणगान करताना एक विसरू नका, जगभर बहुतेकांच्या वाट्याला चार सिलिंडरच येतात. ई २०० पेट्रोलच्या २०४ अश्वशक्ती कागदावर पुरेशा आहेत, पण ओव्हरटेक करताना पाय दाबला की जो कोरडा आवाज येतो तो या गाडीला शोभत नाही. चार सिलिंडरच्या ओळीत पिस्टन वरखाली होताना क्रँकच्या दुप्पट गतीने थरथर निर्माण होते. बॅलन्सर शाफ्ट लावून ती मारता येते, पण आवाजाचा पोत बदलत नाही. सरळ ओळीतल्या सहा सिलिंडरमध्ये ती थरथर एकमेकींना आपोआप छेदून जाते. इंजिनाला पैकीच्या पैकी द्यायचे असतील तर ते फक्त ई ४५० ला आणि माझ्या डिझेलला द्या. सगळ्यांना नको.

बिटबाइट

मी उपजीविकेसाठी सॉफ्टवेअर लिहितो, म्हणून मूळ लेखाला उत्तर देणं भाग आहे.

त्या स्वीडिश चाचणीचा अर्धाच निकाल तुम्ही दिलात. त्याच चाचणीत व्होल्वोची नवी सी४०, जिच्यात जवळपास सगळं पडद्यावर आहे, १३.७ सेकंदांत मोकळी झाली. साधी डाचिया सँडेरो १३.५ सेकंदांत. म्हणजे दोष पडद्याचा नसून मेनूच्या रचनेचा आहे. वाईट रचनेची बटणंही तितकाच वेळ खातात. वीस-पंचवीस एकसारखी बटणं ओळीने लावलेला मधला कन्सोल आठवा.

ई-क्लासमधला खरा बदल दिसतच नाही, म्हणून त्यावर कोणी लिहीत नाही. पूर्वी मनोरंजनाच्या वेगवेगळ्या कामांना वेगवेगळे संगणक होते, आता एकच प्रोसेसर बरंचसं बघतो. नवं सॉफ्टवेअर नेटवरून थेट गाडीत येतं. तुम्ही 'रुटीन' लावून ठेवू शकता: बाहेर अमुक तापमानाखाली गेलं की सीट ऊब देईल, दिव्यांचा रंग बदलेल. एकदा हे बसवलं की बटण शोधायचीच गरज नाही. हात स्टीअरिंगवर, नजर रस्त्यावर. तुम्हाला हेच हवं होतं ना?

गाड्यांच्या सुरक्षेला गुण देणाऱ्या युरो एनकॅप या संस्थेचं २०२६ पासूनचं धोरणही कोणीतरी पुढे करेलच, म्हणून आधीच सांगतो. पूर्ण गुणांसाठी त्यांनी खरी बटणं किंवा दांडे मागितलेत ते इंडिकेटर, हॅझर्ड, हॉर्न, वायपर आणि आणीबाणीच्या कॉलसाठी. एसी त्या यादीत नाही. आणि इंडिकेटर-वायपर ई-क्लासमध्ये आजही दांडीवरच आहेत.

सहासिलिंडर

सी४० चा आकडा बरोबर आहे, आणि तो माझ्या विरोधात जातो हेही कबूल. पण तिथेसुद्धा १७ वर्षांनी जुनी गाडी पुढे राहिली. नव्या पिढीचं काम आधीच्यापेक्षा सरस असणं हे असतं, "फार मागे नाही" हे नव्हे.

रुटीन मला पटत नाही. माणसाला गारवा का हवा, हे बाहेरच्या तापमानावरून कळत नाही. कधी ऊन एकाच बाजूने येतं, कधी मागे लहान मूल झोपलेलं असतं. गोल खटका बोटांना न बघता सापडतो, किती फिरवला हे मनगटाला कळतं. गुळगुळीत काचेवर बोटाला पत्ताच लागत नाही, म्हणून डोळे न्यावे लागतात. प्रोसेसर कितीही वेगवान केला तरी बोटाच्या टोकाला डोळे फुटत नाहीत.

मागचीसीट

"हे मर्सिडीज, मला थंडी वाजतेय." एवढं बोललं की काम झालं. ना बोट, ना डोळे.

पाना_आणि_जॅक

गाड्या दुरुस्त करण्यात आयुष्य गेलंय, त्यामुळे मी पहिल्या दिवसाचा विचार करत नाही, पंधराव्या वर्षाचा करतो. डब्ल्यू१२४ ही १९९५ च्या आधीची ई-क्लास वर्कशॉपमध्ये यायची तेव्हा एक स्विच बिघडला तर तो एकच बदलायचो, बाकी सगळं चालू. आता पडदा अंधारला की एसी, कॅमेरा, नकाशा एकदमच जातात. सुटा भाग नावाची गोष्टच उरली नाही. सॉफ्टवेअरवाल्यांनी मला एवढंच सांगावं, पंधरा वर्षांनी त्या एका प्रोसेसरसाठी अपडेट कोण देणार आहे?

४८ व्होल्टबद्दल मात्र मूळ लेखकाशी सहमत आहे. ते काम नीट केलंय.

प्लग-इन घेणाऱ्यांना एक सांगणं. बॅटरी २५.४ किलोवॅट-तासांची, कागदावर विजेवर शंभर किलोमीटरच्या वर जाते. पण बूट ५४० लिटरवरून ३७० वर येतो. विमानतळावर तीन माणसांच्या बॅगा भरून बघा. आणि चार्ज न करता चालवली तर ते ओझंच. युरोपीय आयोगाने २०२४ मध्ये प्रत्यक्ष वापराची आकडेवारी मांडली, तेव्हा प्लग-इन गाड्यांचं कार्बन उत्सर्जन अधिकृत आकड्याच्या साडेतीन पट निघालं होतं.

बिटबाइट

पंधरा वर्षांच्या अपडेटचा प्रश्न रास्त आहे. त्याला आज कोणत्याच कंपनीकडे लेखी उत्तर नाही, आणि ग्राहकांनी ते मागायला हवं.

साडेतीन पटीचा आकडा मात्र ज्या गाड्यांचा आहे, त्यांतल्या बहुतेकांच्या बॅटऱ्या याच्या निम्म्याच होत्या. रोजचं येणं-जाणं शंभर किलोमीटरच्या आत बसलं की माणूस घरी आल्यावर वायर लावतो. शिवाय ५५ किलोवॅटचं डीसी चार्जिंग आहे, ते आधीच्या बहुतेक प्लग-इन गाड्यांत नव्हतंच.

वाराकापी

बीएमडब्ल्यूने २०२३ मध्येच ५ सिरीज आणली तेव्हा पेट्रोल, डिझेल आणि वीज तिन्ही एकाच बॉडीत बसवले. परिणाम? गाडी ९७ मिलिमीटरने लांबून ५,०६० वर गेली आणि बाजूने जाडजूड दिसते, कारण गाडीच्या तळाशी बॅटरीची जागा ठेवावी लागली. मर्सिडीजने विजेसाठी ईक्यूई वेगळी काढली, म्हणून ई-क्लास ४,९४९ मध्ये राहिली आणि सडपातळ दिसते. चेहऱ्यावर मी टीका केली, पण हा निर्णय शंभर टक्के बरोबर होता.

डिझेलभक्त

+१. आणि म्हणूनच तिच्यात अजून डिझेल टिकून आहे.

मागचीसीट

मूळ लेखकाला थेट विचारतो. समजा तुम्हीच गाडी मागवताय. काय घ्याल, काय टाळाल?

सहासिलिंडर

ई ४५०, एअर सस्पेन्शन, मागच्या चाकांचं स्टीअरिंग, साधी काळी ग्रिल नको, जुन्या वळणाची आडव्या पट्ट्यांची आणि वर उभी चांदणी. चाकं लहानात लहान, म्हणजे टायरची भिंत जाड मिळेल. सुपरस्क्रीन नाही, त्या जागी लाकूड.

मागचीसीट

लाकूड घ्या, छान दिसतं. पण मधला पडदा तेव्हाही १४.४ इंचांचाच राहील, आणि एसी त्याच्यावरच.

सहासिलिंडर

माहीत आहे. माझी तक्रार तीच आहे.