काळ्या गाडीवरचे गोल ओरखडे: मशीन पॉलिश कोणतं घ्यावं?

मनीषनगरकर
गाडी काळी, ४ वर्षं जुनी. रंग सगळा कंपनीचा, फक्त मागचा बंपर एकदा रंगवलेला. सावलीत चकाचक दिसते, पण उन्हात आणली की बोनेटवर सूर्याच्या प्रतिबिंबाभोवती कोळ्याच्या जाळ्यासारख्या रेषा उमटतात. नखाला लागत नाहीत. सकाळी पुसायला येणारा माणूस एकच बादली आणि एकच फडका घेऊन सोसायटीतल्या सगळ्या गाड्या पुसतो, कारण तेच असावं. गॅरेजमध्ये ‘रबिंग मारून देतो, तासाभराचं काम’ म्हणतात. ते टाळून १५ मिमी थ्रोचं (झोक्याचं) डीए, म्हणजे पॅड फिरवत झोकेही देणारं पॉलिश मशीन घ्यायचं ठरवलं आहे. अडलं आहे ते पॉलिशवर. मेंझर्ना कंपनीचं ४०० नंबरचं घ्यावं, २५०० घ्यावं की एकाच बाटलीतलं ऑल-इन-वन? आणि हे मे महिन्यात करावं की थांबावं? पार्किंग इमारतीखाली आहे, तीन बाजूंनी उघडं.

क्लिअरकोट
नखाला लागत नाहीत म्हणजे ओरखडे क्लिअर कोटच्या (रंगावरच्या पारदर्शक थराच्या) वरच्या काही मायक्रॉनमध्येच (मायक्रॉन म्हणजे मिलीमीटरचा हजारावा भाग) आहेत, निघतील. कंपनीच्या रंगाची एकूण जाडी साधारण ९० ते १३० मायक्रॉन, त्यात क्लिअर कोट ३५ ते ५०. ओरखडा काढायचा म्हणजे त्याच्या आजूबाजूचा क्लिअर कोट घासून ओरखड्याच्या तळापर्यंत आणायचा. गेलेला थर परत येत नाही. म्हणून जितक्या सौम्य पॉलिशनं भागतं, तिथंच थांबायचं.

४०० सध्या घेऊ नका. मेंझर्नात आकडा वाढला की पॉलिश बारीक होतं: ४०० जड कंपाउंड (जास्त घासणारं पॉलिश), २५०० मधलं, ३८०० शेवटचा हात. मेग्वायर्स या दुसऱ्या कंपनीचे १०५ आणि २०५ हे नुसते नंबर आहेत, त्यांची या आकड्यांशी तुलना होत नाही. तिथं १०५ जड आणि २०५ फिनिशिंगचं. १०५ भराभर वाळतं आणि धूळ फार सोडतं, आपल्याकडच्या उन्हाळ्यात ते हाताळणं कठीण. तुम्हाला २५०० आणि ३८०० पुरेल. एका टप्प्याला पूर्ण गाडीला १०० मिलीच्या आत लागतं, लिटरची बाटली घेऊ नका.

ऑल-इन-वनबद्दल स्पष्ट सांगतो. त्यातल्या बऱ्याच बाटल्यांत ओरखडे भरणारं तेल किंवा वॅक्स असतं. पहिल्या दिवशी गाडी आरशासारखी दिसते आणि काही धुण्यांत जाळं परत वर येतं. पांढऱ्या गाडीला चालून जातं, काळ्याला नाही.

आधी गाडी धुवा, मग आयर्न रिमूव्हर फवारा. जांभळे ओघळ आले तर लोखंडाचे कण आहेत. नागपुरात अजनी, इतवारीकडे रुळांजवळ उभ्या राहणाऱ्या गाड्यांवर ते हमखास सापडतात. नंतर भरपूर लुब्रिकंट वापरून क्ले (चिकटलेले कण ओढून काढणारी मऊ वडी) फिरवा. ही पायरी गाळली तर तेच कण पॅडमध्ये अडकून नवीन ओरखडे काढतात.

मग टेस्ट स्पॉट. बोनेटवर टेपनं दीड फूट बाय दीड फूट चौकोन आखा. पहिल्यांदा मऊ पॅड आणि ३८००. पुसून टॉर्चच्या उजेडात पाहा, ट्यूबलाइटखाली काहीच दिसत नाही. फरक पडला नाही तर मधला पॅड आणि २५००. दरवेळी २० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि ८० टक्के डिस्टिल्ड पाणी शिंपडून पुसा, म्हणजे पॉलिशचं तेल निघून खरा रंग दिसतो. तेलाच्या चकाकीवर भरवसा ठेवला की सगळी गाडी परत करावी लागते. जी जोडी त्या चौकोनात चालली, तीच पूर्ण गाडीला.

पॅडवाला
वरचं सगळं पटतं, एक भर घालतो. बाटलीइतकाच कट (किती घासलं जातं ते) पॅडवर ठरतो. तेच २५०० मायक्रोफायबर पॅडवर लावलं तर कंपाउंडच्या जवळ जातं, मऊ फोमवर जवळपास फिनिशिंगचं काम करतं. टेस्ट स्पॉटमध्ये ओरखडे थोडे राहिले तर आधी पॅड बदला, लगेच ४०० ची बाटली फोडू नका. पॅडचा रंग पाहून घेऊ नका, एका कंपनीचा नारिंगी म्हणजे दुसरीचा पिवळा असू शकतो. डब्यावर कटिंग, पॉलिशिंग, फिनिशिंग लिहिलेलं असतं ते वाचा.

५ इंची बॅकिंग प्लेटवर (पॅड चिकटतो ती मशीनची चकती) साडेपाच इंची पॅड. पूर्ण गाडीला मधले ४-५ आणि मऊ ३ तरी हवेत. दोन पॅनल झाले की पॅड पॉलिशनं चिंब होतो, गरम होतो, मधोमध बसतो आणि शेवटी वेल्क्रोचा गोंद सुटतो. दर चौकोनानंतर नायलॉनच्या ब्रशनं पॅड झाडा.

नव्या पॅडच्या पूर्ण तोंडावर पॉलिशचा पातळ थर बोटानं चोळा, नंतर दरवेळी मटारच्या दाण्याएवढे ३-४ थेंब. मशीन पॅनलला टेकवूनच चालू करा, हवेत चालू केलं की पॉलिश भिंतीवर उडतं. मशीनचा वेग १ नंबरवर ठेवून पसरवा, मग ४ ते ५ वर सेकंदाला साधारण एक इंच सरकवत आधी आडवे, मग उभे, असे ४ ते ६ हात. प्रत्येक हात आधीच्यावर अर्धा चढला पाहिजे. ३८०० ला ३ ते ४ नंबर आणि दाब जवळपास नाहीच.

बॅकिंग प्लेटच्या कडेला मार्करनं एक जाड रेघ मारा. काम करताना ती फिरताना दिसली पाहिजे. दरवाजाच्या वळणावर रेघ थांबली तर पॅड नुसता थरथरतोय, कट शून्य. दाब कमी करा आणि पॅड सपाट धरा. बहुतेक जण इथं उलट आणखी जोर लावतात.

गॅरेजच्या रबिंगला नाही म्हणालात ते बरं केलं. रोटरी (नुसतं गोल फिरणारं मशीन) आणि लोकरी पॅड ओरखडे काढतात, पण मागं होलोग्राम सोडतात, उन्हात पाण्यासारख्या वाहत्या रेषा दिसतात. त्यावर बारीक पॉलिशचा टप्पा करावाच लागतो, तासाभराच्या कामात तो होत नाही.

क्लिअरकोट
पॅडबद्दल मान्य. मायक्रोफायबरनं काळ्यावर धूसरपणा मात्र येतो, त्यानंतर ३८०० चा टप्पा चुकवता येणार नाही.

मनीषनगरकर
धन्यवाद भाऊ. मे महिन्याचं आणि रंगवलेल्या बंपरचं काय? आणि बोनेटवर पाण्याचे पांढरे गोल डागही आहेत, बोअरचं पाणी आहे.

वर्धारोडवरून
थांबता येत असेल तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी. मे मध्ये पारा ४५ ला टेकतो, गरम पत्र्यावर पॉलिश काम करायच्या आधीच वाळून चिकटतं. घाईच असेल तर पहाटे ५ ते ९, आदल्या रात्रीपासून गाडी सावलीत, आणि हाताला पत्रा गार लागला तरच सुरू. समोर कूलर लावू नका. झोतानं पॉलिश पॅडवरच सुकतं, आणि कूलरच्या खाऱ्या पाण्याचे तुषार रंगावर बसतात. तीन बाजूंनी उघडं म्हणता, तर वारा सुटला की थांबा, उडालेली धूळ सरळ पॅडखाली जाते.

बंपर शेवटी घ्या. प्लास्टिक उष्णता सोडत नाही, साधं जाडी मोजायचं मीटर तिथं चालत नाही, आणि रंगवलेला क्लिअर कोट किती आहे हे कळायला मार्ग नाही. ३८०० आणि मऊ पॅड, बस्स. कडा, बॉडी लाइन आणि काळ्या रबरावर मास्किंग टेप लावा. कडेवर रंग सगळ्यात पातळ असतो, पहिला तिथूनच उडतो.

पांढरे डाग पॉलिशच्या आधी काढा. व्हिनेगर आणि पाणी समप्रमाणात, गार पत्र्यावर ओला कपडा एक-दोन मिनिटं ठेवून धुवा. तरी वर्तुळ दिसलं तर खारानं क्लिअर कोट कोरला आहे, ते २५०० नं कमी होईल, पूर्ण जाईलच असं नाही.

आणि तो फडका आधी बंद करा, भाऊ. धुळीत सिलिका असते, ती क्लिअर कोटपेक्षा कितीतरी कठीण. कोराडी रोडकडे त्यात वीज केंद्राच्या राखेची भर. कोरडी धूळ फडक्यानं ओढली की दुसऱ्याच दिवशी जाळं सुरू. सिरेमिक कोटिंग केलं तरी त्यानं हे थांबत नाही. पुसणाऱ्याला पैसे तेवढेच द्या, पण काच आणि चाकंच करायला सांगा. बॉडी आठवड्यातून एकदा दोन बादल्यांनी: एकीत शाम्पू, दुसरीत साधं पाणी, मिट (धुण्याचा मऊ हातमोजा) दर पॅनलनंतर साध्या पाण्यात पिळायचा. वरून खाली या, दरवाजाचा खालचा फूटभर भाग सगळ्यात शेवटी आणि वेगळ्या मिटनं.