बाळ 19 दिवसांचं, अंगावरचं दूध पुरत नाही. वरचं दूध कमी करत आणायचं तर नेमकं काय करावं?

नवी_बाळंतीण:
सिझेरियन झालं, 38 आठवडे पूर्ण होते. मुलीची वजनं: जन्माला 2.950 किलो, तिसऱ्या दिवशी घरी येताना 2.690, बाराव्या दिवशी 2.740, आज 2.910. बाराव्या दिवशी डॉक्टरांनी पावडरचं दूध सुरू करायला सांगितलं, दिवसातून तीनदा 60 मिली, बाटलीने देतो. अंगावर सहा-सात वेळा पाजते, घड्याळ लावून दोन्हीकडे दहा-दहा मिनिटं. रात्री अकराची बाटली झाली की ती पहाटे चार-साडेचारपर्यंत उठत नाही. शू दिवसाला सात-आठ वेळा, शी तीन-चार वेळा, पिवळी. हातपंपाने काढून पाहिलं तर दोन्ही बाजूंचं मिळून जेमतेम 20 मिली.

अळिवाची खीर, डिंकाचे लाडू, शतावरीची पावडर चालू आहे. पाणी मात्र घरात मोजून देतात, बाळंतिणीने कमीच प्यावं म्हणून.

तीन प्रश्न: शतावरी दुप्पट करू का? शेजारच्या ताईंना दूध वाढवायला डॉम्पेरिडॉनची गोळी दिली होती, ती घेतली तर चालेल का? आणि वरचं दूध सरळ बंद केलं की बाळ भुकेने जास्त ओढतं आणि दूध वाढतं, हे खरं का?

स्तनपान_समुपदेशक:
तिसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करते, कारण त्यात धोका आहे. वरचं दूध एकदम बंद करू नका. तुमचेच आकडे पाहा. तिसऱ्या ते बाराव्या दिवसात वाढ 50 ग्रॅम, म्हणजे दिवसाला पाच-सहा ग्रॅम. या वयात ती 20 ते 30 हवी. वरचं सुरू केल्यावर सात दिवसांत 170 ग्रॅम, म्हणजे दिवसाला 24. बाळाला दिवसाला किलोमागे साधारण 150 मिली दूध लागतं असं धरलं तर तिची गरज झाली 435 मिलीच्या आसपास. त्यातलं 180 वरचं, बाकी अंदाजे 250 तुमचंच. पंपातल्या 20 मिलीवरून वाटतं तितकं दूध आटलेलं नाही, पण पुरेसंही नाही. भुकेलं, मलूल बाळ जोराने ओढत नाही, ते झोपी जातं. आधी बाळाचं पोट, मग दूध वाढवणं, हा क्रम मोडू नका.

आता दूध का कमी पडतंय. स्तनात साठून राहिलेल्या दुधामुळेच पुढचं दूध बनणं मंदावतं. जितकं आणि जितक्या वेळा निघेल तितकं बनेल. त्यात रात्री प्रोलॅक्टिन, म्हणजे दूध बनवणारं संप्रेरक, जास्त असतं आणि तुमच्याकडे नेमकी तीच साडेपाच तासांची रात्र कोरडी जाते. अकराची ती बाटली घरच्यांना सोयीची वाटते, पण दुधाचं सर्वांत मोठं नुकसान तीच करतेय.

वेळा: चोवीस तासांत 10 ते 12. दिवसा दोन-अडीच तासांनी, रात्री जास्तीत जास्त तीन तासांनी. वेळ एका पाजण्याच्या सुरुवातीपासून दुसऱ्याच्या सुरुवातीपर्यंत मोजायची. झोपलेली असेल तर दुपटं काढा, लंगोट बदला, तळपायाला हळूच चोळा. घड्याळ बघून बाजू बदलू नका. ती गिळते तोवर तीच बाजू. नुसतं चाळवल्यासारखं ओढू लागली की स्तन हाताच्या पंज्यात धरून दाबा आणि दाब तसाच ठेवा, ती परत घोट घेईल. घोट थांबले की दाब सोडा, पुन्हा दाबा. याने काही होईनासं झालं की दुसरी बाजू, मग जमल्यास परत पहिली.

तोंडात किती भाग जातो ते फार महत्त्वाचं. बाळाचं पोट तुमच्या पोटाला टेकलेलं, कान-खांदा-कंबर एका रेषेत, नाक बोंडासमोर. मागून डोकं ढकलायचं नाही, पंजा मानेखाली आणि खांद्यांवर. बोंड वरच्या ओठाला घासा, जांभई दिल्यासारखं तोंड उघडेपर्यंत थांबा, मग हनुवटी आधी टेकवत तिला झटकन जवळ घ्या. खालचा ओठ बाहेर वळलेला, गाल फुगीर, आणि बोंडाभोवतीचा गडद भाग खालच्यापेक्षा वरच्या बाजूला जास्त दिसायला हवा. टाक्यांवर भार येत असेल तर बाळाला बगलेखाली, पाय तुमच्या पाठीकडे करून धरा. सुटल्यावर बोंड कसं दिसतं, हे कळवाल का? गोल की चपटं?

वरचं 180 मिली तेवढंच ठेवा, पण तीनदा 60 ऐवजी सहादा 30 करा. दर वेळी आधी अंगावर पाजायचं, मग ते. शक्यतो बोंडल्याने किंवा वाटी-चमच्याने. बाटलीच द्यायची तर बाळाला उठतं धरून, बाटली आडवी ठेवून, मध्ये थांबत द्या. बाटलीतून दूध न ओढताच गळतं, आणि मग अंगावर कष्ट करायला बाळ नाखूश होतं.

पंपवाली_मावशी:
पंपाबद्दल थोडं. पंपात किती आलं यावरून दूध किती आहे ते ठरवू नये. बाळ व्यवस्थित ओढत असेल तर ते पंपापेक्षा चांगलं काढतं, आणि पाजल्यावर लगेच पंप लावला तर 15-20 मिलीच येणार.

पंपासोबत येणारा कप बहुतेक वेळा 24 मिलिमीटरचा असतो आणि बऱ्याच जणींना तो मोठा होतो. बोंडाच्या बुडाशी पट्टीने व्यास मोजा. नळीत बोंड मोकळं मागे-पुढे व्हावं, पण गडद भाग फारसा आत ओढला जाऊ नये. घासून लाल होत असेल तर कप लहान आहे, सगळा गडद भाग आत जात असेल तर मोठा.

दिवसातून चार-पाचदा, पाजून झाल्यावर 10-15 मिनिटं काढा. थेंब पडत नसले तरी दहा मिनिटं करायचंच, कारण शरीराला मागणी कळते ती तिथूनच. शिवाय दिवसातून एकदा तासाभराची बैठक: 20 मिनिटं पंप, 10 विश्रांती, 10 पंप, 10 विश्रांती, 10 पंप. हातपंपाने हे करून मनगट धरेल, विजेवरचा दुहेरी पंप भाड्याने मिळाला तर बघा. फरक दिसायला तीन-चार दिवस तरी लागतात. दुसऱ्याच दिवशी बाटलीतल्या रेघा मोजत बसू नका.

हाताने काढायचं तर अंगठा वर, दोन बोटं खाली, बोंडापासून दोन-तीन सेंटिमीटर मागे. आधी छातीकडे दाबा, मग बोटं एकमेकांकडे, मग सोडा. कातडीवरून बोटं घसरवायची नाहीत, त्याने नुसतं सोलवटतं. काढलेलं दूध पंख्याखालच्या खोलीत चार तास, उन्हाळ्यात त्याहून कमी. फ्रिजमध्ये चार दिवसांपर्यंत टिकतं, पण वीज जात असेल तर 24 तासांत संपवा. कोमट पाण्यात भांडं ठेवून गरम करायचं, गॅसवर किंवा मायक्रोवेव्हमध्ये नाही. आणि हे काढलेलं दूध वरच्या 30 मधलेच मिली समजून आधी तेच द्या, उरलेली भर पावडरची. पावडर डब्यावरच्या प्रमाणातच, सपाट चमचा. "पचायला हलकं" म्हणून पाणी वाढवलं की वजन अडकलंच.

नवी_बाळंतीण:
पाहिलं. बोंड चपटं आणि एका बाजूला तिरपं होतं, लिपस्टिकचं टोक असतं तसं. सुरुवातीला दुखतंही. संध्याकाळी सहा ते नऊ ती सारखी अंगावर मागते, पाच मिनिटांत सोडते, रडते, परत मागते. सासूबाई म्हणतात तेव्हा पान्हाच नसतो. आणि छाती आता पहिल्या आठवड्यासारखी भरून येत नाही, मऊच असते. दूधपेढीतून दूध मिळेल का?

स्तनपान_समुपदेशक:
तिरपं बोंड म्हणजे तोंडात फक्त टोक जातंय. दुखतंय त्याचं आणि दूध नीट न निघण्याचं कारण एकच. दुखलं की करंगळी तोंडाच्या कोपऱ्यातून आत घालून सुटका करा आणि पुन्हा लावा, पाचदा लागलं तरी पाचदा. दोन-तीन दिवस नीट प्रयत्न करूनही बोंड चपटंच निघालं तर बालरोगतज्ज्ञांकडून जिभेखालचा तांतू तपासून घ्या. रडताना जीभ वर उचलली जात नाही किंवा टोक पत्त्यातल्या बदामासारखं खाचेचं दिसतं, ही खूण. तांतू दिसला म्हणून लगेच कापायचा नसतो, जीभ हलते की नाही ते पाहायचं.

संध्याकाळचं मागणं हे या वयातल्या पुष्कळ बाळांचं असतं, भरपूर दूध असणाऱ्या आईचंही बाळ हेच करतं. तेव्हा तिला मागेल तितकं घेऊ द्या. एक 30 मिली मात्र याच वेळेसाठी राखून ठेवा, कारण तुमच्या बाबतीत कमतरता खरी आहे. छाती मऊ होणं दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात अपेक्षितच आहे. पहिल्या आठवड्यातला फुगवटा सगळा दुधाचा नसतो, सूजही असते.

दूधपेढीचं दूध मुख्यतः कमी दिवसांच्या आणि अतिदक्षता विभागातल्या बाळांसाठी राखलेलं असतं. मुंबईत शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात 1989 मध्ये आशियातली पहिली दूधपेढी निघाली तीही अशाच बाळांसाठी. पूर्ण दिवसांच्या, घरी असलेल्या बाळाला ते मिळेल असं धरून चालू नका.

आहार_आणि_औषधं:
शतावरी दुप्पट करून काही साधणार नाही. शतावरी, मेथी, बाळंतशोपा यांचे पुरावे तोकडे आहेत, आणि दूध निघतच नसेल तर कशाचाच उपयोग नाही. चालू आहे ती वैद्यांनी सांगितलेल्या मात्रेत राहू द्या. मेथीचे दाणे चमचा-चमचा खाणं मात्र टाळा: आईला जुलाब, बाळाला गॅस, मधुमेहाच्या गोळ्या चालू असतील तर साखर आणखी खाली, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांशीही जमत नाही. भाजीत-लाडवात असते तेवढी चालते. अळीव लोहासाठी उत्तम, सिझेरियननंतर ते हवंच. पण अळिवाने दूध येतं असं नाही, अळीव खाणारी बाळंतीण जेवते आणि विसावते, त्याचा वाटा मोठा.

पहिल्या सहा महिन्यांत दिवसाला साधारण 600 किलोकॅलरी जास्त लागतात. म्हणजे नेहमीच्या जेवणावर एक मध्यम भाकरी, वाटीभर घट्ट वरण, कपभर दूध आणि एक डिंकाचा लाडू. चार लाडू नकोत, त्याने भूक मरते आणि वरण-भाजी राहून जाते. पाणी मोजून देणं आजच थांबवा. तहान लागेल तेवढं, आणि पाजायला बसताना तांब्या-भांडं हाताशी. उलट जबरदस्तीने चार-पाच लिटर ढोसूनही दूध वाढत नाही.

डॉम्पेरिडॉन प्रोलॅक्टिन वाढवते, पण शेजारणीची चिठ्ठी तुमची नाही. हृदयाच्या ठोक्यांची लय बिघडू शकते, घरात कुणाला असा आजार असेल तर जास्तच. एरिथ्रोमायसिन (प्रतिजैविक) किंवा फ्लुकोनाझोल (बुरशीवरची गोळी) बरोबर घेतली तर धोका वाढतो, आणि बोंडावरच्या बुरशीसाठी नेमकी फ्लुकोनाझोलच दिली जाते. वेळा आणि पकड सुधारल्यावरही अडलं तर डॉक्टरांना विचारा. एस्ट्रोजेन असलेल्या गर्भनिरोधक गोळ्या आणि स्यूडोएफेड्रिन असलेली सर्दीची गोळी दूध कमी करतात, नकळत चालू नाहीत ना ते बघा.

बाळाला पाणी, ग्राइप वॉटर, गुटी, मध काही नको. पोटात जागा कमी, ती दुधासाठी. मधातून बॉट्युलिझमचा, म्हणजे जिवाणूच्या विषाने होणाऱ्या गंभीर आजाराचा, धोका आहे तो वेगळाच.

नवजात_कक्ष_परिचारिका:
वरचं कमी कसं करायचं ते राहिलंय. वजन दर तीन-चार दिवसांनी, त्याच काट्यावर, उघड्या अंगाने. आशाताई 21 आणि 28व्या दिवशी गृहभेटीला काटा घेऊन येतात, त्या तारखा धरा. रोज वजन केलं तर एका शी-शूनेच आकडा हलतो. दिवसाला 25 ग्रॅमच्या वर वाढ दिसली की दिवसभराच्या एकूणातून 30 मिली कमी, तेही सकाळच्या वेळेतून, कारण दूध तेव्हा जास्त असतं. पुढच्या वजनात वाढ 20 च्या खाली गेली तर परत आधीच्या मापावर.

तुमच्याही तपासण्या करून घ्या: हिमोग्लोबिन आणि टीएसएच (थायरॉईडची तपासणी). लाल रक्तस्राव अजून चालू असेल किंवा वास येत असेल तर सोनोग्राफी, कारण वारेचा तुकडा आत राहिला तर दूध नीट उतरतच नाही. प्रसूतीत रक्त फार गेलं होतं का, पीसीओएस (बीजांडकोशाचा, संप्रेरकांच्या असंतुलनाचा त्रास) आहे का, गरोदरपणात स्तनांचा आकार वाढला होता का, हे डॉक्टरांना आपणहून सांगा.

चोवीस तासांत सहापेक्षा कमी शू, लंगोटावर विटकरी डाग, टाळू खोल, तळपायापर्यंत पिवळेपणा, उठवूनही न उठणं किंवा 100.4 फॅरनहाइट ताप: यातलं काहीही दिसलं तर उत्तराची वाट न पाहता दवाखाना. तुम्हाला थंडी-ताप आला आणि स्तनाचा एक भाग लाल, कडक झाला तरीही. तिथे जोराने मालिश करून गाठ फोडू नका. थंड शेक द्या आणि पाजणं चालू ठेवा.

नवी_बाळंतीण:
आज 28वा दिवस. वजन 3.140. टीएसएच ठीक, हिमोग्लोबिन 9.4, लोहाच्या गोळ्या सुरू. अंगावर दहा वेळा होतं, बाराला पोचत नाही. हे बदल सुरू केल्याच्या पाचव्या दिवसापासून वरचं 150 मिलीवर आहे. डावीकडे बोंड गोल निघतं, उजवीकडे अजून तिरपं.

स्तनपान_समुपदेशक:
नऊ दिवसांत 230, म्हणजे दिवसाला पंचवीस-साडेपंचवीस. अगदी काठावर आहे, म्हणून अजून तीन दिवस 150 च ठेवा आणि वजन करून मग 120. उजवीकडे पाजताना ती डावीकडे असते तशीच, त्याच कुशीवर राहू द्या: डावीकडचं झालं की तिला न वळवता तशीच सरकवून उजव्या बगलेखाली घ्या. बऱ्याच बाळांना मान एकाच बाजूला वळवायला सोपी जाते, तेव्हा हे लागू पडतं. मान दुसरीकडे वळतच नसेल तर पुढच्या भेटीत डॉक्टरांना तेवढं दाखवा.