आबांना शेतात चालेल असा पाय कोणता?

रावेरचा_पोर: भाऊ लोकं, आबांचा पाय थ्रेशरमध्ये गेला, गुडघ्याच्या वरून काढावा लागला. आता म्हणतात केळीच्या बागेत परत जायचंच. बाहेरच्या देशात कॉम्प्युटरवाले गुडघे निघालेत म्हणे, ते घ्यावे का?

धुळेकर_ताई: दादा, तसला सी-लेग नावाचा गुडघा १९९७ पासून आहे, आतले सेन्सर गुडघ्याचा कोन मोजतात आणि हायड्रॉलिक लगेच कडक-सैल होतं म्हणून माणूस तोल जाऊन सहसा पडत नाही. पण महाग खूप आणि चार्जिंग लागतं, आपल्याकडे लाईटीचं माहितीये ना!
आयआयटी मद्रासचा 'कदम' गुडघा बघा, २०२२ चा, बॅटरी नाही, १६० अंश वाकतो, बसमध्ये-रिक्षात बसायला सोपं.

चोपडा_७७: जयपूर फूट विसरू नका भो, १९६८ पासून आहे, रबराचं पाऊल, चिखलात अनवाणी चालतं. माझ्या काकांनी त्याच्यावर कापूस वेचला.
आणि सॉकेटकडे, म्हणजे उरलेला पाय ज्या कपात बसतो त्याच्याकडे आधी बघा, सुरुवातीचे काही महिने स्टंप (कापल्यावर उरलेला पाय) बारीक होत जातो, मग सॉकेट ढिलं पडून घासतं, जखमा होतात, परत माप द्यावंच लागतं.

रावेरचा_पोर: सॉकेटचं कोणीच सांगितलं नव्हतं भाऊ. उद्याच विचारतो.