मदत हवी आहे : कमरेच्या आतल्या होल्स्टरची निवड

सप्रेम नमस्कार. बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर परिसरात राहणाऱ्या माझ्या थोरल्या बंधूंकडे .32 बोअरचे परवानाधारक रिव्हॉल्व्हर असून, 2016 च्या शस्त्र नियमांनुसार ते सार्वजनिक ठिकाणी होल्स्टरमध्ये (म्हणजे अंगावर बांधायच्या शस्त्राच्या म्यानात) किंवा तत्सम पिशवीत आणि पूर्ण झाकलेले ठेवावे लागत असल्याने, पॅंटच्या आत बसणारे होल्स्टर घ्यावे असा आमचा विचार आहे.

अडचण आहे ती सामग्रीची. चामडे अंगाला मऊ लागते. पण आमच्याकडच्या पावसात ते घामाने व ओलीने सैल पडते, आणि तोंड मिटलेल्या होल्स्टरमध्ये शस्त्र परत सरकवताना दुमडलेली कड ट्रिगरमध्ये अडकण्याची भीती वाटते. कायडेक्स या कडक प्लास्टिकच्या होल्स्टरचे तोंड उघडे राहते, ट्रिगर गार्डही (ट्रिगरभोवतीची कडी) पूर्ण झाकला जातो. मात्र रिव्हॉल्व्हरचे सिलिंडर (गोळ्या भरायचा फिरता भाग) मुळातच जाड असल्याने, जांबोटीच्या रस्त्याने दुचाकीवर जाताना ते बरगडीखाली रुतेल काय? शिवाय बाजारात मिळणारी बहुतेक मापे पिस्तुलांचीच असतात, हे एक दुखणेच आहे.

उजव्या कुशीच्या किंचित मागे, थोडे तिरके बांधणे सोयीचे पडते काय, आणि त्यासाठी जाड पट्टा आवश्यकच आहे काय, हे रोज वापरणाऱ्या जाणकारांनी कृपया सांगावे. बेळगावात मापानुसार शिवून देणारे खात्रीचे कारागीर ठाऊक असल्यास तेही कळवावे.