मदत हवी आहे : रशियात वॉर्डातल्या आजी-आजोबांना हाक कशी मारायची?

वोल्गाकाठ

नमस्कार मंडळी,

मी काझानला मेडिकलच्या तिसऱ्या वर्षाला आहे. आमची लेक्चर्स इंग्रजीतून होत असली तरी रुग्ण रशियनच बोलतात, आणि या सत्रापासून आम्हाला वॉर्डात जाऊन हिस्टरी घ्यायची आहे. प्रश्न सगळे पाठ आहेत. कुठे दुखतं, कधीपासून, कुठल्या गोळ्या चालू आहेत, कशाची ॲलर्जी आहे, हे विचारता येतं. अडचण त्याच्या आधीची आहे. खाटेपाशी गेल्यावर पहिला शब्द कोणता उच्चारायचा?

‘ती’ म्हणजे तू आणि ‘वी’ म्हणजे तुम्ही, एवढं पक्कं आहे. (देवनागरीत दुसरा मार्ग नाही म्हणून असं लिहितेय. खरा स्वर ई आणि ऊ यांच्या मधला, जरा घशातून येणारा आहे.) आज्ञार्थी क्रियापदाला शेवटी ‘त्ये’ लावलं की ते अहोजाहोचं होतं, हेही अंगवळणी पडलंय. ‘दिशी’ म्हणजे श्वास घे, ‘दिशीत्ये’ म्हणजे श्वास घ्या.

पण मी साताऱ्याची. आपल्याकडे सरकारी दवाखान्यात पहिल्या मिनिटाला नातं जोडलं जातं. ‘आजी, बाही वर करा बरं’, ‘काका, जीभ दाखवा’. केसपेपरवर नाव असतं, पण सत्तरीच्या बाईंना नर्सने नावाने हाक मारली तर ते आगाऊपणाचं वाटेल. इथे मात्र सीनियरने बजावून ठेवलंय की कुणाही रुग्णाला ‘बाबुश्का’ म्हणजे आजी म्हणायचं नाही, नावानेच बोलायचं. बाहेर तर हा शब्द मी रोज ऐकते. मग वॉर्डात त्याचं काय वावडं आहे?

दुसरं म्हणजे, वयस्कर बायका मला सर्रास ‘ती’ म्हणतात, ‘दोच्का’ (लेकी) म्हणतात. ऐकायला फार गोड वाटतं. मग मीही उलट तसंच आपलेपणाने बोललं तर चालतं का? आणि लहान मुलांच्या वॉर्डात काय करायचं? प्राध्यापकांना आम्ही भारतीय मुलं ‘सर’, ‘मॅम’ करतो ते त्यांना कसं वाटत असेल?

आजारी माणसाशी बोलायचं आहे, त्यात माझ्या तोंडून नकळतही कुणाचा अपमान होऊ नये असं मनापासून वाटतं. जाणकारांनी मार्गदर्शन करावं.


भटकभवानी

इतकं टेन्शन घेऊ नकोस गं. परदेशी मुलगी दिसली की लोक सांभाळून घेतात. ‘वी’ म्हणायचं, ‘झ्द्रास्त्वुयत्ये’ (नमस्कार) म्हणायचं आणि हसतमुख राहायचं. मॉस्कोत माझं सगळं एवढ्यावर निभावलं.


जुनी वही

भटकभवानी, प्रवासात निभावतं, मान्य. पण विभक्ती चुकली तर रशियन माणूस सोडून देतो, आणि पांढऱ्या कोटातल्या माणसाने सत्तरीच्या बाईंशी अरेतुरे केलं तर तो परदेशी असला तरी मनाला लागतं. त्यामुळे वोल्गाकाठ, तुझा प्रश्न अगदी रास्त आहे. मी पुण्यात बरीच वर्षं रशियन शिकवलं, त्यामुळे उत्तर जरा लांबेल.

रशियात मोठ्या माणसाला मान दिला जातो तो त्याचं नाव आणि त्याच्या वडिलांचं नाव एकत्र घेऊन. वडिलांच्या नावापासून जे रूप बनतं त्याला ‘ओत्चेस्त्वो’ म्हणतात. इवानचा मुलगा इवानोविच, मुलगी इवानोव्ना. सेर्गेयचा सेर्गेयेविच, त्याची मुलगी सेर्गेयेव्ना. इल्याचा मात्र इल्यिच आणि मुलगी इल्यिनिच्ना. म्हणजे कागदावर जर ‘कुझ्नेत्सोवा मारिया इवानोव्ना’ असं असेल तर पहिलं आडनाव, दुसरं नाव, तिसरं वडिलांवरून आलेलं. हाक मारायची ती दुसरा आणि तिसरा शब्द मिळून: ‘मारिया इवानोव्ना’. आडनाव हाकेत येत नाही, आणि ‘श्रीमती’सारखं काही पुढे लावायचं नाही.

आपलं नावही तीन पदरीच आहे, स्वतःचं, वडिलांचं किंवा नवऱ्याचं आणि आडनाव. त्यामुळे रचना कळायला मराठी मुलांना वेळ लागत नाही. फरक वापराचा आहे. आपण मधलं नाव फॉर्म भरताना आणि लग्नपत्रिकेत काढतो. त्यांच्याकडे ते दिवसभर तोंडात असतं. शाळेतल्या बाई, डॉक्टर, वरिष्ठ, मैत्रिणीची आई, सगळे नाव आणि ओत्चेस्त्वो मिळून. आणि हे जोडनाव घेतलं की सोबत ‘वी’ हवंच. ‘मारिया इवानोव्ना, ती...’ असं वाक्य कानाला खटकतं. नुसतं ‘पेत्रोविच’ म्हणून ‘ती’ करणारे असतात, पण ते गावातले किंवा कारखान्यातले जुने सोबती. त्यांचं ते त्यांच्यापाशी.

याला इतकी किंमत का, तर मॉस्कोच्या झारांच्या काळात वडिलांच्या नावाला ‘विच’ लावून लिहिलं जाणं हा मान होता, तो दरबारातून मिळायचा. साध्या माणसाची नोंद ‘इवानचा मुलगा पेत्र’ अशी व्हायची. आज तो मान प्रत्येकाला जन्माच्या दाखल्याबरोबर मिळतो. हाक मारताना तेवढंच गाळून नुसतं ‘मारिया’ म्हटलं तर सत्तरीच्या बाईंना काहीतरी काढून घेतल्यासारखं वाटतं. तरुण मंडळींत मात्र नुसतं पूर्ण नाव आणि ‘वी’ आता खूप चालतं, ऑफिसात तर विशेषच.

‘बाबुश्का’बद्दल. स्वतःच्या आजीला म्हणायचा तो शब्द आहे, रस्त्यात अनोळखी म्हाताऱ्या बाईला वाट विचारतानाही म्हणतात. पण वॉर्डातल्या बाईंकडे नाव आहे आणि ते तुझ्या हातातल्या कागदावर आहे. ते असताना ‘आजी’ म्हटलं की त्यांना ऐकू येतं ते फक्त वय. आपल्याकडे नात्याची हाक माणसाला जवळ करते. तिथे तीच हाक दवाखान्यात माणसाला गर्दीत ढकलते.

व्याकरणातली एक मेख, कारण हिस्टरी घेताना लागेलच. एकाच व्यक्तीला ‘वी’ म्हटलं तरी क्रियापद अनेकवचनी येतं, भूतकाळातसुद्धा. बाईंनी गोळ्या घेतल्या का हे विचारताना ‘वी प्रिनिमाली’, ‘प्रिनिमाला’ नव्हे. आपल्या ‘तुम्ही आलात’सारखंच. विशेषणाचं छोटं रूपही अनेकवचनी: ‘वी प्रावी’, तुमचं बरोबर आहे. पण पूर्ण रूपाचं विशेषण आलं की ते एकवचनी होतं आणि लिंगानुसार बदलतं: ‘वी ताकाया दोब्राया’, तुम्ही किती प्रेमळ आहात, हे बाईंना. इथे अनेकवचन वापरलं तर समोर दोन-चार जणी असल्यासारखं होतं.


डॉ. पाटणकडचा

मी व्होल्गोग्राडला शिकलो, आता गावाकडे प्रॅक्टिस करतो. वरचं सगळं बरोबर आहे, मी फक्त वॉर्डातलं सांगतो.

खाटेपाशी जायच्या आधी केस हिस्टरीचं पहिलं पान वाच आणि नाव-ओत्चेस्त्वो दोनदा पुटपुटून घे. कागद मिळाला नाही तर सरळ विचारायचं, ‘काक क् वाम अब्राशात्सा?’ म्हणजे आपल्याला काय म्हणून हाक मारू? कुणालाही आवडणारा प्रश्न आहे हा. बहुतेक जण नाव आणि ओत्चेस्त्वो सांगतात. एखाद्या बाई ‘नुसतं तान्या म्हण’ म्हणतील, तर तान्या म्हण, पण ‘वी’ सोडू नकोस.

वॉर्डात पूर्ण उच्चार ऐकू येत नाही, हे लक्षात ठेव. मारिया इवानोव्नाचं ‘मार्यिवान्ना’ होतं, निकोलायेव्नाचं ‘निकलाव्ना’, पावेल पाव्लोविचचं ‘पाल पालिच’ आणि अलेक्सान्द्र अलेक्सान्द्रोविचचं चक्क ‘सान सानिच’. पहिल्या आठवड्यात नर्स कुणाबद्दल बोलतेय ते कळायचं नाही. ऐकून ओळखायला शिक, पण स्वतः ‘सान सानिच’ म्हणू नकोस, ते सहकाऱ्यांमधलं आहे. ‘मार्यिवान्ना’ मात्र हा नुसता भरभर बोलण्यातला उच्चार आहे, तो आपोआप तोंडात बसतो.

काही गोष्टी तिथल्या स्टाफच्या तोंडी ऐकशील, त्या उचलू नकोस. ‘झेन्शिना’ म्हणजे बाई, अशी कॉरिडॉरमधून मारलेली हाक. ‘बोल्नोय’ म्हणजे पेशंट, तेही हाक म्हणून. आणि मुलांच्या वॉर्डात मुलाच्या आईला ‘मामच्का’ (आईसाठीचा लाडाचा शब्द). बोलणारीच्या मनात माया असते, पण कित्येक आयांना ते आवडत नाही. त्यांचंही नाव विचार.

लहान मुलांना बिनधास्त ‘ती’ आणि लाडाचं नाव. दिमित्रीला दीमा, एकातेरिनाला कात्या, अनास्तासियाला नास्त्या. लाडाच्या नावाला आणखी ‘का’ जोडून माश्का, दीम्का करतात ते घरचे किंवा दोस्त, तुझ्या तोंडी नको. ‘पकझी यिझिक’ म्हणजे जीभ दाखव. हेच मोठ्यांना ‘पकझीत्ये’. कॉलेजात जाण्याच्या वयाची मुलं आली की ‘वी’ वर ये, त्या वयात तेवढ्यानेच ती खुलून बोलतात.

‘दोच्का’चं म्हणशील तर ते घे, मनापासून घे. म्हाताऱ्या बायका तरुण डॉक्टरणीला लेक म्हणतात, ‘मीलाया’ (लाडके) म्हणतात, ‘ती’ म्हणतात, हे त्यांचं प्रेम आहे. पण परतफेड ‘ती’ ने करायची नसते. त्यांनी तुला ‘ती’ म्हणायचं आणि तू त्यांना ‘वी’ म्हणायचं, हे दोघींनाही शोभतं. माझ्या एका आजारी बाईंनी (त्यांना मी नेहमी पूर्ण नावानेच बोलायचो) शेजारच्या खाटेवरच्यांना माझी ओळख ‘माझा मुलगा आलाय’ अशी करून दिली होती. नावाने हाक मारली म्हणून माया कमी होत नाही, एवढ्यासाठी हे सांगतोय.


वोल्गाकाठ

जुनी वही आणि डॉक्टरसाहेब, किती नीट समजावून सांगितलंत! केस हिस्टरीचं पहिलं पान आधी वाचायचं हे कुणीच सांगितलं नव्हतं.

एक शंका राहिली. काझानमध्ये अर्धं गाव तातार समाजाचं आहे. त्यांची नावं वेगळी आहेत, त्यांनाही ओत्चेस्त्वो असतं का? आणि बाजारात तातार मंडळी एकमेकांना नावापुढे ‘अपा’, ‘अबी’ म्हणताना ऐकलंय. ते तर आपल्या ताई-दादासारखंच वाटतं.


कझांका नदी

असतं ना. ‘गुल्नारा इल्दारोव्ना’, ‘रुस्तम मराटोविच’ अशी नावं तुला खाटेखाटेवर दिसतील. नाव आणि वडिलांचं नाव तातारी, प्रत्यय रशियन. रशियनमधून बोलताना नियम तोच.

‘अपा’ आणि ‘अबी’ हे तातारी भाषेतले. अपा म्हणजे मोठी बहीण किंवा मावशी-काकू, अबी म्हणजे मोठा भाऊ किंवा काका. नावानंतर लावतात, ‘गुल्नारा अपा’, आणि तातारीत ते पूर्ण आदराचं आहे. म्हणजे एकाच शहरात मान द्यायच्या दोन रीती शेजारी शेजारी नांदतात. तुला मराठी म्हणून दुसरी जवळची वाटणार हे साहजिकच आहे. पण रशियन वाक्यात आपणहून ‘अपा’ घालू नकोस. एखाद्या बाईंनी स्वतः सांगितलं तर आनंदाने म्हण.


इतिहासवेडा

थोडं अवांतर, पण विषयाला धरून. दुकानात, बसमध्ये अनोळखी माणसाला काय म्हणायचं याचा घोळ रशियात खुद्द रशियनांनाही आहे, आणि त्याचं कारण इतिहासात आहे.

पीटर द ग्रेटने 1722 मध्ये सरकारी नोकरीचे 14 दर्जे ठरवले आणि दर्जानुसार ‘आपली कुलीनता’, ‘आपली महामहिमता’ अशा अर्थाच्या हाका ठरल्या. एकाच माणसाला आदराने ‘वी’ म्हणणंही साधारण त्याच शतकात युरोपीय वळणाने रुळलं. त्याआधी झारलासुद्धा ‘ती’ म्हणत. मार्च 1917 मध्ये पेत्रोग्राद सोव्हिएतने (राजधानीतल्या कामगार-सैनिकांच्या परिषदेने) आपल्या पहिल्याच हुकमात अधिकाऱ्यांनी सैनिकांना ‘ती’ म्हणायला बंदी घातली. क्रांतीच्या धामधुमीत पहिल्या कागदावर हा मुद्दा यावा, यावरून तो शब्द सैनिकांना किती बोचत असेल ते कळतं. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये बोल्शेविकांनी नागरी सेवेचे दर्जे आणि किताब रद्द केले. मग ‘तवारिश’ म्हणजे कॉम्रेड आला, तो 1991 नंतर रोजच्या बोलण्यातून गेला. सैन्यात मात्र अजून ‘तवारिश पल्कोव्निक’ म्हणजे कर्नलसाहेब असंच म्हणतात. ‘गस्पदीन’ म्हणजे श्रीयुत परत आला खरा, पण तो समारंभात आणि पत्रव्यवहारात. रस्त्यावर उरलं ते ‘द्येवुश्का’ (मुली) आणि ‘मलदोय चिलव्येक’ (तरुण माणसा), चाळिशी उलटलेल्यांनासुद्धा. वोल्गाकाठ, तू मात्र नुसतं ‘इझ्विनीत्ये, पझालुस्ता’ म्हणून सुरुवात कर. माफ करा, इतकंच. कुणाचं वय काढावं लागत नाही.


जुनी वही

प्राध्यापकांचं राहिलंच. ‘सर’, ‘मॅम’ त्यांना कळतं, परदेशी मुलांकडून ते चालवूनही घेतात. पण नाव-ओत्चेस्त्वो घेतलंस तर फरक त्यांच्या चेहऱ्यावर दिसेल. खात्याच्या दारावर किंवा वेळापत्रकात नुसती आद्याक्षरं असतात, तर ऑफिसात विचारून पूर्ण नाव वहीत लिहून ठेव. वर्गातल्या मुलामुलींना पहिल्या दिवसापासून ‘ती’ आणि ‘प्रिव्येत’ (मित्रमैत्रिणींतला नमस्कार). तुझ्यापेक्षा थोड्या मोठ्या नर्सला आधी ‘वी’. तिने ‘दवाय ना ती’, म्हणजे चल, अरेतुरेवर येऊ, असं म्हटलं की मग बदल. ते सुचवायचा मान वयाने किंवा हुद्द्याने मोठ्या माणसाचा.

ईमेल लिहिताना सुरुवात ‘उवझायेमाया इरीना निकोलायेव्ना’ अशी (पुरुषांना ‘उवझायेमी’) आणि त्यापुढे उद्गारचिन्ह, स्वल्पविराम नको. मजकुरात ‘वी’ चं पहिलं अक्षर मोठ्या लिपीत. शेवटी ‘स् उवझेनियेम’ आणि खाली तुझं नाव. तू लिहून इथे टाकलंस तर मी तपासून देईन.