८७ वर्षांच्या वडिलांचे मन कशातच लागत नाही: हृदयविकार, नैराश्य की निव्वळ वय?

कृष्णाकाठ
माझे वडील ८७ वर्षांचे आहेत. २००९ साली त्यांची बायपास झाली आणि गेल्या दिवाळीनंतर हृदयाचे पंपिंग ३५ टक्क्यांवर आले आहे. आईला जाऊन तीन वर्षे झाली. अण्णा सांगलीला भावाकडे असतात आणि मी दर आठवड्याला जाऊन येते. पहाटे रेडिओ लावणारे, शब्दकोडे सोडवल्याशिवाय आंघोळीला न उठणारे अण्णा आता तासन्‌तास खुर्चीत बसून राहतात. ते रडत नाहीत, कुणाला दोष देत नाहीत. विचारले तर ‘बरा आहे गं’ एवढेच म्हणतात. जेवणावरची वासना उडाली आहे. आम्ही ज्यांना दाखवतो, त्या डॉक्टरांनी ‘या वयात एवढे चालायचेच’ असे म्हणून विषय संपवला, पण माझे मन ते मानत नाही. मानसोपचारतज्ज्ञांकडे न्यावे का, आणि त्यांच्या गोळ्या अण्णांच्या हृदयाला सोसतील का?

निवृत्त फिजिशियन
ताई, आपले मन मानत नाही हे योग्यच आहे. हृदयविकार आणि नैराश्य यांचा संबंध दोन्ही बाजूंनी चालतो: हृदय दुबळे झालेल्यांत नैराश्य अधिक आढळते, आणि नैराश्य आलेला रुग्ण गोळ्या चुकवतो, हालचाल सोडतो, त्यामुळे हृदयाची स्थिती आणखी बिघडते. मात्र पंच्याऐंशीच्या पुढे हे ओळखणे अवघड होते, कारण थकवा, झोपमोड आणि अन्नावरची वासना जाणे ही लक्षणे दोन्ही आजारांत सारखीच दिसतात. वृद्धांसाठी वापरल्या जाणाऱ्या पंधरा प्रश्नांच्या प्रश्नावलीत ‘अंगात भरपूर उत्साह वाटतो का’ आणि ‘बाहेर पडण्यापेक्षा घरी राहणे बरे वाटते का’ असे प्रश्न आहेत. धाप लागणारा माणूस, मनाने अगदी खंबीर असला तरी, त्यांची उत्तरे नैराश्याच्या बाजूनेच देईल.

अण्णा दुःखी आहेत की निरिच्छ झाले आहेत, हे आधी पाहावे. नेदरलँड्समधील लायडन शहरात १९९७ ते १९९९ या काळात पंच्याऐंशी वर्षे पूर्ण करणाऱ्या ५९९ जणांचा अभ्यास झाला. त्यात हृदय व रक्तवाहिन्यांच्या आजारांचा संबंध उदासीपेक्षा या निरिच्छपणाशी अधिक दिसला. आपण केलेले वर्णन मला त्याच्या जवळचे वाटते. तरीही नाव देण्याची घाई करू नये. आधी हिमोग्लोबिन, थायरॉइड, बी-१२ आणि विशेषतः रक्तातील सोडियम तपासून घ्यावे. नाडी फार मंद नाही ना, हेही पाहावे. ते रात्रीही खुर्चीतच बसून राहत असतील, तर आडवे झाल्यावर श्वास कोंडतो का, हे स्पष्ट विचारावे, कारण तसे असेल तर तो मनाचा नव्हे, हृदयाचा प्रश्न आहे आणि तो लगेच दाखवायला हवा.

गोळ्यांविषयी: हृदयविकाराच्या झटक्यानंतर सर्ट्रालिन ही नैराश्यावरची गोळी सुरक्षित असल्याचे ३६९ रुग्णांवरील चाचणीत २००२ साली दिसले, परंतु त्या रुग्णांचे सरासरी वय साठीच्या आतच होते. म्हणून अण्णांच्या वयात मात्रा अगदी कमी ठेवून सुरुवात करतात. या गटातील गोळ्या लघवीच्या गोळीसोबत घेतल्यास सोडियम उतरू शकते, आणि ॲस्पिरिनसोबत रक्तस्रावाचा धोका वाढतो. याच गटातील सिटालोप्रामची मात्रा साठीनंतर २० मिलिग्रॅमच्या वर नेऊ नये आणि त्याआधी ईसीजी पाहावा. ॲमिट्रिप्टिलीन ही नैराश्यावरची जुनी गोळी शक्यतो टाळावी. मानसोपचारतज्ज्ञांकडे अवश्य न्या, फक्त चालू असलेल्या सर्व गोळ्या पिशवीत भरून सोबत न्या.

गोदातीर
माझ्या सासूबाई ९१ वर्षांच्या होत्या. त्या देवळात जाईनाशा झाल्या, तेव्हा आम्हाला वाटले की त्यांचे मन विटले. खरे कारण पुष्कळ उशिरा कळले. सकाळी लघवीची गोळी घेतल्यावर तीन तास वाटेत अडचण होईल, ही त्यांना भीती वाटत होती आणि सांगायला संकोच वाटत होता. डॉक्टरांना विचारून आम्ही गोळीची वेळ बदलली आणि त्या पुन्हा जाऊ लागल्या. जेवणाचेही तसेच होते. अळणी भाजी कुणालाही नकोशीच होते. लिंबू, जिरे, मिरपूड, लसूण आणि ओले खोबरे वापरल्यावर त्या चार घास अधिक खाऊ लागल्या. बाजारातले ‘कमी सोडियमचे’ मीठ मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय आणू नका. त्यात पोटॅशियम असते आणि हृदयाच्या काही गोळ्यांसोबत ते धोक्याचे ठरते.

समुद्रापार
मी नेदरलँड्समध्ये वृद्धांच्या शुश्रूषेचे काम करते. वर उल्लेखलेल्या लायडनच्या अभ्यासातील आणखी एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. तेथे केवळ नैराश्य किंवा केवळ एकटेपणा असलेल्यांत मृत्यूचे प्रमाण वाढलेले दिसले नाही. दोन्ही एकत्र असलेल्यांत मात्र मृत्यूचा धोका सुमारे दुप्पट होता. भरल्या घरातही माणूस एकटा असू शकतो, विशेषतः जोडीदार गेल्यावर आणि ऐकू कमी येऊ लागल्यावर. अण्णांना रेडिओ नीट ऐकू येतो का, हे कृपया पाहा. आणि ‘बरे आहात ना’ असे विचारू नका, कारण त्याचे उत्तर ठरलेलेच असते. ‘आईची आठवण कोणत्या वेळी जास्त येते’ असे विचारून पाहा.

कृष्णाकाठ
आपणा सर्वांची मनापासून आभारी आहे. सोडियम १२६, म्हणजे कमी, आले. डॉक्टरांनी लघवीच्या गोळ्यांत बदल केला आहे आणि आठ दिवसांनी पुन्हा तपासणी आहे. मानसोपचारतज्ज्ञांची वेळ त्यानंतरची घेतली आहे. आईविषयी मी काल विचारले. बराच वेळ ते गप्प बसले आणि मग म्हणाले, “संध्याकाळी, दिवा लावायच्या वेळी.” आता त्या वेळी मी रोज फोन करते. ऐकू खरोखरच कमी येते, त्यामुळे वाक्य दोनदा म्हणावे लागते.